रिओहाची वाईन आणि तिचे ताट

गुरुवार : लोग्रोन्यो

उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओहून दक्षिणेला निघालेली बस साधारण दोन तासांत लोग्रोन्योला पोचते. निघताना दोन्ही बाजूंना ओले, हिरवेगार डोंगर असतात. आरो गावाजवळच्या खिंडीतून एब्रो नदीच्या खोऱ्यात उतरले की ढग मागे राहतात, जमीन तांबूस-पिवळी होते आणि रस्त्याला लागून द्राक्षबागा सुरू होतात. उत्तरेकडची सिएरा दे कांताब्रिया ही डोंगररांग अटलांटिकवरून येणारे थंड, दमट वारे अडवते आणि तिच्या आडोशाला, नदीच्या दोन्ही काठांवर, सुमारे ६५ हजार हेक्टरांवर वाईनची द्राक्षे पिकतात. हाच रिओहाचा वाईनप्रदेश. तो ला रिओहा, बास्क प्रदेशातला आलावा आणि नवार्रा अशा तीन विभागांत पसरलेला असला, तरी त्याचे नियम एकच आहेत. रिओहाच्या नावाला १९२५ मध्ये संरक्षण मिळाले आणि १९९१ मध्ये स्पेनमधला सर्वांत वरचा दर्जा सर्वप्रथम याच प्रदेशाला देण्यात आला.

माझ्यासोबत माझे मेहुणे होते. ते दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. त्यांची स्वतःची बाग खाण्याच्या द्राक्षांची आहे, पण तालुक्यातली वाईनच्या द्राक्षांची लागवड त्यांनी जवळून पाहिलेली आहे आणि तीत टेंप्रानियो ही रिओहाची मुख्य जातही होती. त्यांना तिचे वेल त्यांच्या मूळ मातीत पाहायचे होते. मला ही वाईन जेवणासोबत कशी लागते, ते समजून घ्यायचे होते. वाईन चाखण्याच्या खोलीत ग्लासाशेजारी फार तर पावाचा तुकडा ठेवलेला असतो आणि तिथे काढलेले निष्कर्ष प्रत्यक्ष ताटापाशी टिकत नाहीत, असे माझे मत आहे. म्हणून आधी रिकाम्या तोंडी एक घोट, मग पदार्थाचा घास आणि त्यानंतर पुन्हा घोट, हा क्रम सर्वत्र पाळायचा, असे आम्ही ठरवले होते.

त्याची सुरुवात संध्याकाळी लाउरेल गल्लीत झाली. लोग्रोन्योच्या जुन्या भागातली ही अरुंद गल्ली खाण्यापिण्याच्या लहान लहान बारनी दोन्ही अंगांनी भरलेली आहे. इथे एका ठिकाणी बसून जेवायचे नसते; एका बारमध्ये उभ्यानेच एक ग्लास वाईन आणि तिथला ठरलेला एक पिंचो, म्हणजे पावावर रचलेला छोटा पदार्थ, घ्यायचा आणि पुढच्या बारकडे वळायचे. सोरियानो नावाच्या बारमध्ये अळंब्यांचाच पिंचो मिळतो. तव्यावर लसूण आणि तेलात परतलेल्या अळंब्यांच्या टोप्या एकावर एक रचून, वर एक लहानशी कोळंबी ठेवून, ते सगळे पावाच्या तुकड्यावर टोचून देतात आणि तव्यावरचा लसणीचा रस पावात मुरलेला असतो.

वाईन मागताना इथे बहुतेक लोक कंपनीचे नाव घेत नाहीत. ‘एक क्रियान्सा’ एवढेच म्हणतात. क्रियान्सा हा वाईनच्या वयाचा वर्ग आहे. तांबड्या वाईनसाठी नियम असा : क्रियान्साला किमान दोन वर्षे, त्यांपैकी एक वर्ष ओकच्या पिंपात, रेसेर्वाला तीन वर्षे, त्यांत एक वर्ष पिंपात आणि किमान सहा महिने बाटलीत, ग्रान रेसेर्वाला पाच वर्षे, त्यांत दोन वर्षे पिंपात आणि दोन बाटलीत. त्याहून कोवळी वाईन कोणत्याही मुदतीविना विकता येते. बाटलीच्या मागच्या बाजूला नियामक मंडळाची चिठ्ठी असते आणि तिच्या रंगावरून वर्ग ओळखता येतो : कोवळ्या वाईनला हिरवी, क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद किरमिजी आणि ग्रान रेसेर्वाला निळी. या पायऱ्यांकडे पाहून निळी चिठ्ठी सर्वांत चांगली आणि हिरवी सर्वांत हलकी, असा समज सहज होतो. तो समज ताटापाशी कितपत खरा ठरतो, हे पाहणे हाच माझ्या दृष्टीने या प्रवासाचा गाभा होता.

क्रियान्साचा पहिला घोट रिकाम्या तोंडी घेतला, तेव्हा पिकलेल्या चेरीचा स्वाद आला, पिंपातून आलेला व्हॅनिलाचा वास आला आणि शेवटी हिरड्यांवर तुरटपणा पसरला. हा तुरटपणा टॅनिन या घटकामुळे येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते आणि तोंड कोरडे पडते. अळंब्या हा पदार्थ या बाबतीत थोडा अवघड आहे, कारण त्यांच्यातल्या मांसल चवीमुळे टॅनिन अधिकच बोचते. मात्र मीठ आणि तेल यांनी तुरटपणा मवाळ होतो आणि या पिंचोत दोन्ही सढळ हाताने वापरलेले होते. दुसऱ्या घोटाला वाईन स्पष्टपणे गोल आणि फळाळ लागली. मेहुण्यांनी तेवढ्यावर न थांबता जवळच्याच बारमधला खारवलेल्या अँचोव्ही माशांचा पिंचो त्याच क्रियान्सासोबत घेतला आणि तोंडात लोखंडाची चव आल्याचे सांगितले. तांबड्या वाईनमध्ये असलेले लोह आणि माशाचे तेल यांची गाठ पडली की ही चव येते. काउंटरमागच्या बाईंनी न विचारताच वियुरा द्राक्षांची पांढरी वाईन पुढे केली आणि तिच्यासोबत तोच मासा निर्मळ लागला. रिओहा तांबड्या वाईनसाठी प्रसिद्ध असले, तरी तिथल्या माणसांना तांबडी केव्हा बाजूला ठेवायची, हे नेमके ठाऊक आहे.

शुक्रवार : लाग्वार्दिया आणि एल्सिएगो

सकाळच्या बसने आम्ही लाग्वार्दियाला गेलो. टेकडीच्या माथ्यावर तटबंदीत वसलेले हे गाव सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. नाशिकही समुद्रसपाटीपासून जवळपास तेवढेच उंच आहे, पण साम्य तिथेच संपते. इथले अक्षांश ४२ अंशांच्या पुढचे असल्यामुळे हिवाळ्यात वेल पूर्ण पानगळ होऊन झोपी जातो आणि वर्षाला एकच छाटणी पुरते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी बहाराची छाटणी अशा दोन छाटण्या करून त्याला वळणावर आणावे लागते, आणि वाईनची द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात काढली जातात. इथे ऑक्टोबरात तोडणी आटोपत आली होती. कुठे कुठे शेवटचे घड क्रेटमध्ये भरले जात होते आणि उरलेल्या बागांत पाने पिवळी-तांबडी झाली होती.

गावाबाहेरच्या एका जुन्या बागेपाशी मेहुणे बराच वेळ रेंगाळले. तिथे मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेल गुडघ्याएवढ्या उंचीचे जाड खोड आणि त्यावर चार-पाच आखूड फांद्या एवढाच, स्वतःच्या बळावर उभा. जमीन चुनखडी आणि चिकणमातीची, फिकट रंगाची. तिथे काम करणाऱ्या वयस्कर शेतकऱ्याने एकरी उत्पादनाबद्दल विचारल्यावर नियमच सांगितला : तांबड्या द्राक्षांना हेक्टरी ६,५०० किलोंची मर्यादा आहे. म्हणजे एकरी अडीच टनांहून किंचित जास्त. दिंडोरीत खाण्याच्या द्राक्षांची बाग एकरी दहा टनांच्या आसपास माल देते. ‘‘इतक्या कमी मालावर बाग परवडते, म्हणजे इथे मण्याला किंमत नाही, रसाला आहे,’’ असे मेहुणे म्हणाले. त्यांनी एक राहिलेला घड तोंडात घालून पाहिला : मणी लहान, साल जाड, बिया मोठ्या आणि रस थोडा पण घट्ट. रंग सालीतून आणि टॅनिन साल व बियांमधून येत असल्याने, रसाच्या मानाने साल जास्त असलेले लहान मणीच वाईनला हवे असतात.

लाग्वार्दियाच्या घरांखाली जुनी तळघरे आहेत. संपूर्ण गाव आतून पोखरलेले असल्यामुळे तटाच्या आत वाहनांना बंदी आहे. एका लहानशा कौटुंबिक बोदेगाच्या, म्हणजे वाईन बनवण्याच्या आणि साठवण्याच्या जागेच्या, तळघरात आम्ही जिने उतरून गेलो, तेव्हा वरच्या उन्हातून एकदम थंड, ओलसर हवेत आल्यासारखे झाले; ही हवा वर्षभर जवळजवळ तशीच राहते आणि वाईन साठवायला ती उपयोगी पडते. या भागाची खासियत म्हणजे कोवळी वाईन करण्याची जुनी शेतकरी पद्धत. देठ न काढता, मणी न चिरडता, अख्खे घड उघड्या टाकीत ओततात. तळाचे मणी वरच्या भाराने फुटून आंबू लागतात आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो. हवेविना कोंडलेल्या अख्ख्या मण्यांच्या आतच मग आंबण्याची क्रिया सुरू होते. काही दिवसांनी घड तुडवून रस काढतात. बियांमधले टॅनिन फारसे उतरत नसल्यामुळे वाईन जांभळी, रसाळ आणि सौम्य होते, आणि तोडणीनंतर डिसेंबरापासूनच प्यायला मिळते. आम्हाला मिळाली ती आदल्या वर्षीची होती. पांढऱ्या कापडासमोर ग्लास तिरका धरला, की तिच्या कडेला जांभळी झाक दिसत होती. वास स्ट्रॉबेरीचा आणि किंचित ज्येष्ठमधाचा. ती बाराचौदा अंशांना, म्हणजे हाताला गार लागेल अशी देतात आणि तसेच करणे योग्य आहे, कारण ती कोमट झाली की तिच्यात नुसता अल्कोहोल जाणवू लागतो.

दुपारी दोनला जेवायला बसलो, कारण त्याआधी इथे स्वयंपाकघरे उघडतच नाहीत. मागवली होती ‘पतातास आ ला रिओहाना’, म्हणजे रिओहाच्या पद्धतीचे बटाटे. बटाट्याच्या फोडी सुरीने पूर्ण कापत नाहीत. सुरी अर्ध्यापर्यंत घालून उरलेला भाग कट्कन मोडतात. त्या खडबडीत कडांमधून पिष्ट सुटते आणि रस्सा आपोआप दाट होतो. बाकी कांदा, लसूण, तमालपत्र, चोरिसो नावाचे डुकराच्या मांसाचे लाल सॉसेज आणि वाळवलेल्या चोरिसेरो मिरचीचा गर. तर्री पाहून कोणाही मराठी माणसाला हा पदार्थ झणझणीत असेल असे वाटेल, पण चोरिसेरो मिरची रंग देते, गोडसर वास देते आणि तिखटपणा जवळजवळ देत नाही. मिरची त्यांच्याकडे आणि आपल्याकडे, दोन्हीकडे अमेरिका खंडातूनच आली. त्यांनी तिच्यातला रंग निवडून वाढवला, आपण तिच्यातला जाळ. वाईनच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे, कारण जिभेवर तिखट असताना टॅनिन आणि अल्कोहोल दोन्हींचा जाळ वाढतो.

या बटाट्यांसोबत मी मुद्दाम दोन ग्लास मागवले होते, एक तळघरातल्यासारख्याच कोवळ्या वाईनचा आणि एक रेसेर्वाचा. चोरिसोची चरबी, लसूण आणि मिरचीचा गर यांच्यापुढे रेसेर्वाचा नाजूक सुगंध उरलाच नाही. पिंपाचा कडवटपणा तेवढा हाती लागला. कोवळी वाईन मात्र घासागणिक अधिक रसरशीत लागत गेली, तिच्या आंबटपणाने चरबी कापली जात होती आणि गार घोटाने जीभ पुढच्या घासाला तयार होत होती. तिथल्या मालकांनाही हे नवे नव्हते. या पदार्थासोबत महागडी बाटली मागणाऱ्या पाहुण्यांना आपण आधी कोवळीच चाखायला देतो, असे त्यांनी सांगितले.

संध्याकाळी टॅक्सीने एल्सिएगोला जाऊन आलो. मार्केस दे रिस्काल ही बोदेगा तिथे १८५८ पासून आहे आणि तिच्या आवारात फ्रँक गेरी यांनी रचलेले, गुलाबी, सोनेरी आणि चंदेरी धातूच्या पत्र्यांचे हॉटेल २००६ मध्ये उभे राहिले. पाहणाऱ्यांची गर्दी त्या पत्र्यांसाठी असते. माझ्या मते या जागेचे खरे महत्त्व जुन्या दगडी तळघरांत आहे. आलावाच्या प्रांतिक सभेने फ्रान्समधल्या बोर्दो या वाईनप्रदेशाची पद्धत आपल्या शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी १८६२ मध्ये जाँ पिनो या फ्रेंच तंत्रज्ञाला बोलावले. खर्च झेपत नसल्याने बहुतेक शेतकऱ्यांनी ती पद्धत सोडली, तेव्हा पिनो यांना रिस्कालने आपल्याकडे घेतले आणि पिंपात वाईन मुरवण्याची रीत इथे रुजली.

शनिवार : आरो

आरोचे स्टेशन लहान आहे, पण त्याच्याभोवती शंभर वर्षांहून जुन्या इतक्या बोदेगा एकत्र आलेल्या मी कुठे वाचलेल्या किंवा ऐकलेल्या नाहीत. कारण रेल्वे. बिल्बाओकडे जाणारा लोहमार्ग १८६३ मध्ये इथून सुरू झाला. त्यानंतर फ्रान्समधल्या बागांना फिलॉक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने ग्रासले आणि बोर्दोचे व्यापारी वाईनच्या शोधात एब्रोच्या खोऱ्यात आले. त्यांनी पिंपे आणली, कौशल्य आणले आणि माल रेल्वेने बंदरापर्यंत नेला. लोपेझ दे एरेदिया १८७७ मध्ये, कूने १८७९ मध्ये आणि ला रिओहा आल्ता १८९० मध्ये अशा बोदेगा रुळांना खेटून उभ्या राहिल्या. कूनेच्या एका गोदामाची आतून एकही खांब नसलेली रचना गुस्ताव्ह आयफेल यांच्या कार्यालयाची आहे. १८९० मध्ये आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले होते. पुढे १८९९ मध्ये तीच कीड रिओहातही पोचली आणि इथल्या बागा अमेरिकन खुंटांवर कलमे करून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. मेहुण्यांना हा भाग सविस्तर हवा होता, कारण खुंटावर कलम ही नाशिकच्या बागायतदाराची रोजची गोष्ट. आपल्याकडे ती मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी करतात, इथे ती किडीपासून वाचण्यासाठी आली.

लोपेझ दे एरेदियाच्या दारात झाहा हदीद यांनी केलेला आधुनिक मंडप आहे आणि त्याच्या मागे एकोणिसाव्या शतकातच थांबलेली बोदेगा. पिंपे तयार करणारे कारागीर आजही तिथेच कामाला आहेत. पिंपांचा माप २२५ लिटरांचा, बोर्दोचाच. लाकूड मात्र अमेरिकन ओकचे. तळघराच्या भिंतींवर काळ्या बुरशीचे थर आणि छतापासून लोंबणारी कोळ्यांची जाळी आहेत आणि ती जाणूनबुजून राखलेली आहेत, कारण बुचांना लागणारे पतंग कोळी खातात. जुन्या पद्धतीच्या बोदेगांत ठरावीक काळाने वाईन एका पिंपातून दुसऱ्या पिंपात उतरवतात, तळाचा गाळ मागे ठेवतात आणि रस गढूळ दिसू लागला, की थांबतात. आरोतल्याच मुगा बोदेगात वाईन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक अजून वापरतात. हे सगळे ऐकताना माझ्या लक्षात आले, की ग्रान रेसेर्वात जी शांतता जाणवते, ती या सावकाश हाताळणीतून येते. हवा लाकडातून अगदी थोडी थोडी आत शिरते, टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग विटकरी होतो आणि फळाच्या वासाची जागा चामडे, तंबाखू, सुके अंजीर यांचे वास घेतात.

यात अमेरिकन ओकचा वाटा वेगळा ओळखता येतो. या लाकडात नारळासारखा वास देणारे घटक फ्रेंच ओकपेक्षा जास्त असतात, आणि पिंप आतून शेकल्यावर व्हॅनिला व लवंगेचे वासही त्यात येतात. वर्षानुवर्षे मुरलेल्या ग्रान रेसेर्वाचा ग्लास नाकाजवळ नेला, तेव्हा भाजलेले खोबरे, लवंग आणि दगडफूल घालून नुकताच कुटलेला गोडा मसाला डब्यातून काढावा, तसा वास आला. मेहुण्यांनीही माझ्या सांगण्याआधी खोबऱ्याचे नाव घेतले. मराठी नाकाला ही वाईन परकी का वाटत नाही, याचे मला हे समाधानकारक कारण वाटते.

चाखण्याच्या जागी थुंकण्यासाठी भांडी ठेवलेली असतात आणि आम्ही ती वापरली. तीन-चार बोदेगांचा दिवस असेल, तर संध्याकाळपर्यंत जीभ जागी ठेवण्याचा दुसरा मार्ग नाही.

दुपारच्या जेवणाला मात्र एकच ग्लास ग्रान रेसेर्वा पुरवून घेतली. सोबत पोचास होत्या, म्हणजे पूर्ण वाळण्याआधी काढलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ. दाणे लोण्यासारखे मऊ, त्यात कांदा, थोडी भोपळी मिरची, ऑलिव्ह तेल आणि मीठ. त्यांच्यानंतर भाजलेला लावा पक्षी आला, त्यावरही मिठाखेरीज काही नव्हते. या दोन्ही साध्या पदार्थांसोबत वाईनचा एकेक पदर वेगळा उलगडत गेला आणि घोट संपल्यावरही बराच वेळ चव रेंगाळत होती. त्याच टेबलावर इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचे धुरावलेले चीज होते. ते मला अतिशय आवडते, पण या वाईनपुढे त्याचा धूर इतका आक्रमक झाला, की सुक्या अंजिराचा तो सुंदर वास शोधूनही सापडेना. धूर नसलेले, मुरलेले इदियासाबाल आणून दिल्यावर दोघांची गाठ छान पडली.

लाग्वार्दियाच्या बटाट्यांपुढे रेसेर्वा का हरली आणि इथे साध्या घेवड्यापुढे ग्रान रेसेर्वा का खुलली, याचा मेळ आता लागत होता. पिंपात आणि बाटलीत जितकी वर्षे जास्त, तितके वाईनचे बोलणे हळू होते. तिच्यासमोरचा पदार्थही तितकाच कमी मसाल्याचा हवा. वयाचे वर्ग गुणांच्या पायऱ्या म्हणून वाचण्याऐवजी ते पानातल्या पदार्थाच्या निवडीसाठी वाचावेत, असे मला ठामपणे वाटते.

रविवार : ब्रियोनेस

ब्रियोनेस हे आरोपासून जवळ, टेकडीवरचे छोटे गाव. तिथे विवांको कुटुंबाने उभारलेले वाईनसंस्कृतीचे संग्रहालय २००४ पासून आहे. मेहुण्यांचा बराच वेळ संग्रहालयाबाहेरच्या बागेत गेला, कारण तिथे जगभरातल्या दोनशेहून अधिक द्राक्षजातींचे वेल पाट्या लावून राखले आहेत. ग्रासियानो आणि मासुएलो या रिओहाच्या दोन दुय्यम जाती त्यांनी पानांवरून एकमेकींपासून वेगळ्या करून पाहिल्या. टेंप्रानियो लवकर पिकते आणि तिच्यात आंबटपणा बेताचाच असतो; ग्रासियानो उशिरा पिकते, माल कमी देते, पण मिश्रणात थोडी घातली, तरी आंबटपणा आणि सुगंध दोन्ही वाढवते. जास्त वर्षे मुरवायच्या वाईनमध्ये ती असण्याचे कारण हेच.

जेवायला ‘चुलेतियास आल सार्मिएन्तो’, म्हणजे द्राक्षवेलीच्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या. हिवाळ्यात छाटलेल्या काड्यांच्या जुड्या बांधून वाळवून ठेवतात. त्या पेटवल्या, की मोठा जाळ होतो आणि पटकन विझून धगधगीत निखारे उरतात. त्यावर जाळीत घातलेल्या कोवळ्या बरगड्या काही मिनिटांत होतात. वर फक्त जाडे मीठ. आपल्याकडचे मटण बहुधा बोकडाचे आणि वाटणात शिजलेले असते. हे कोकरू दुधावरचे, चरबीचा पातळ थर कडेला करपून कुरकुरीत झालेला. इथे रेसेर्वा मागवली आणि तिची जागा तीच होती. मांसाच्या प्रथिनांनी आणि चरबीने टॅनिनला काम दिले, मिठाने कडवटपणा मागे सारला आणि निखाऱ्याचा वास पिंपाच्या शेकलेल्या लाकडाशी मिळून गेला. या संपूर्ण प्रवासात वाईन आणि पदार्थ यांची इतकी पूर्ण जोडी मला दुसरी आढळली नाही. मेहुण्यांनी छाटणीच्या काड्या आपल्याकडे बांधावर जाळून टाकतात याची खंत व्यक्त केली आणि वाळलेल्या जुडीचा फोटो काढून घेतला.

सोमवार : कालाओर्रा

एब्रोच्या प्रवाहासोबत पूर्वेला गेले, की हवा तापू लागते आणि कोरडी होते. हा रिओहा ओरिएंताल. २०१८ पर्यंत याला रिओहा बाखा म्हणत. इथे गार्नाचा या जातीचे मळे आहेत आणि कालाओर्रा हे भाज्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑक्टोबरात घरोघरी आणि दुकानांत लाल मिरच्या भाजल्या जात होत्या. भाजून सोललेल्या या मांसल, गोड मिरच्या लसणीच्या तेलात सावकाश शिजवून नुसत्याच वाढतात.

शाकाहारी वाचकांसाठी हा दिवस महत्त्वाचा आहे. हिरव्या भाज्या आणि तांबडी वाईन यांचे जमत नाही, हे अर्धे खरे आहे. आर्टिचोकमधल्या एका घटकामुळे त्यानंतर घेतलेला प्रत्येक घोट विचित्र गोडसर लागतो, आणि शतावरीच्या कोंबांमुळे वाईनला धातूची चव येते. अशा वेळी तुरट, पिंपात मुरलेली टेंप्रानियो घेणे चुकीचेच आहे. गार्नाचा वेगळी आहे. तिचा रंग फिका, टॅनिन कमी आणि फळ भरपूर असते. ‘मेनेस्त्रा’ या मिश्र भाज्यांच्या पदार्थासोबत आणि त्याहूनही भाजलेल्या मिरच्यांसोबत ती सहज बसली. मिरचीचा गोडवा आणि गार्नाच्यातली स्ट्रॉबेरी एकमेकांना पुढे नेत होती. मेनेस्त्रा मागवताना मात्र त्यात हॅमचे तुकडे नकोत, असे आधी स्पष्ट सांगावे लागते. त्याला भाजीच मानले जात असले, तरी हॅम घालण्याची पद्धत आहे. गोडाचे म्हणून वाईनमध्ये शिजवलेले नाशपाती आले. त्यांच्यासोबत आम्ही वाईन घेतली नाही, कारण गोड घासानंतर कोरडी तांबडी वाईन आंबट आणि पोकळ लागते.

लोग्रोन्योला परतल्यावर बाटल्या घेण्याचा प्रश्न होता. भारतात परतताना प्रत्येकी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. दुकानदाराने निळ्या चिठ्ठीच्या बाटल्या पुढे केल्या. मी क्रियान्सा आणि रेसेर्वा निवडल्या. आपल्या घरच्या जेवणात अगदी सौम्य म्हटले, तरी फोडणी, लसूण आणि थोडे तिखट असतेच आणि ग्रान रेसेर्वाला ते सोसणार नाही. रेसेर्वा मी पांढऱ्या रश्शासाठी ठेवली आहे. त्यात नारळाचे दूध, खसखस आणि मटणाची चरबी आहे, तिखट बेताचे ठेवता येते आणि अमेरिकन ओकचा खोबरेल वास त्याच्याशी जुळावा. क्रियान्सा भरल्या वांग्यासोबत थोडी गार करून उघडायची आहे. शेंगदाणे, खोबरे आणि तेल यांनी तिचा तुरटपणा मवाळ होईल, मात्र त्यातला गूळ कमी करावा लागेल. मेहुण्यांनी दोन्ही बाटल्या कोवळ्या वाईनच्या घेतल्या आणि येत्या जानेवारीत दिंडोरीला तोडणी सुरू होण्याआधी, बागेतल्या माणसांसोबत मटण-भाकरीबरोबर उघडायचे ठरवले. त्या दिवशी रश्श्यात मिरची निम्मी घालण्याचे वचन मी त्यांच्याकडून घेतले आहे.